‘खयचो चाफो, बाई?’ : वेंगुर्ल्याजवळच्या एका रोपवाटिकेचा वर्षभराचा अनुभव

रोपवाटिकेत जाऊन ‘एक चाफा द्या’ असे म्हटले, की बहुतेक ठिकाणी समोर जी पिशवी असेल ती उचलून गिऱ्हाइकाच्या हातात दिली जाते. वेंगुर्ले–कुडाळ रस्त्यापासून जरा आत, एका पऱ्ह्याकाठी, म्हणजे लहान ओढ्याकाठी, असलेल्या ज्या रोपवाटिकेबद्दल मी येथे लिहीत आहे, तेथे मात्र पहिल्याच भेटीत मला उलट प्रश्न आला, “खयचो चाफो, बाई?” शाळेत बत्तीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईला असा प्रश्न विचारला जातो तेव्हा तिला जरा ओशाळल्यासारखे होते, आणि बरेही वाटते. गेल्या मृगापासून मी तेथे तीन वेळा जाऊन आले, एकूण सव्वीस झाडे आणली, त्यांतली तेवीस जगली आहेत. एवढ्या भांडवलावर हे परीक्षण लिहीत आहे.

ही रोपवाटिका एक जोडपे चालवते. कलमे बांधण्याचे काम नवऱ्याकडे आणि गिऱ्हाइकाशी बोलण्याचे बायकोकडे. त्यांना मी पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणते. वहिनींनी त्या दिवशी माझ्या चाफ्याच्या मागणीवर पाच पिशव्या ओळीने आणून ठेवल्या, आणि वनस्पतिशास्त्राचा एखादा तास असा घेतला असता तर मुलांच्या किती लक्षात राहिले असते, असे मला वाटून गेले. सोनचाफा, देवचाफा, हिरवा चाफा, नागचाफा आणि भुईचाफा. मराठीने या पाचांना एकच आडनाव दिले आहे, ते वासावरून आणि देवघरातल्या उपयोगावरून. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने मात्र ही पाच झाडे पाच वेगवेगळ्या कुळांतली आहेत, आणि त्यांतले एक तर झाडही नाही.

सोनचाफ्याचे कलम दाखवताना वहिनींनी शेजारच्या मातृवृक्षावरचे एक कोमेजू लागलेले फूल तोडून दिले. त्याच्या पाकळ्या, त्या पंधराच्या आसपास होत्या, हाताच्या स्पर्शानेच गळून पडल्या आणि मागे एक लांबट दांडी उरली. दांडीच्या बुडाशी चपटे पुंकेसर फिरकीच्या जिन्यासारखे चढत गेलेले, मधे थोडी मोकळी जागा, आणि वर हिरव्या स्त्रीकेसरांचा शेंडा. या फुलात निदलपुंज, म्हणजे बाहेरचे हिरवे आवरण, कोणता आणि दलपुंज, म्हणजे पाकळ्या, कोणता हे वेगळे सांगता येत नाही. सगळीच दळे सारखी असतात. फुलझाडांच्या फार जुन्या शाखांपैकी एका शाखेची ही खूण आहे. आपण शाळेत एकदल आणि द्विदल असे सरळ दोन वाटे करून शिकवत आलो, पण रेणवीय अभ्यासावर उभे राहिलेले आजचे वर्गीकरण, ज्याची पहिली मांडणी 1998 मध्ये आणि चौथी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली, सोनचाफ्याला या दोन्ही वाट्यांच्या बाहेर वेगळी जागा देते. झाडाचे जुने शास्त्रीय नाव मायकेलिया होते, आता ते मॅग्नोलियात जमा झाले आहे. वहिनींच्या पाटीवर अजून जुनेच नाव आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

हिरवा चाफा हा याच सोनचाफ्याचा दूरचा नातेवाईक. त्याचे कूळ सीताफळाचे, आणि ही दोन्ही कुळे एकाच गणात, म्हणजे कुळांच्या वरच्या गटात, येतात. तो धड वेलही नाही आणि धड झुडूपही नाही. फुलाचा देठच वाकून आकड्यासारखा होतो आणि त्या आकड्याने तो शेजारच्या फांदीला धरून वर चढतो. पाकळ्या सहा, तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत. फूल हिरवे असेपर्यंत पानांत दिसत नाही, पिवळे पडू लागले की पिकलेल्या फळासारखा वास सगळ्या अंगणात भरतो. वहिनींनी ते देण्यापूर्वी मला कुंपण आहे का, आणि कुंपणाला आधार कसला आहे, हे विचारून घेतले.

देवचाफा मुळात अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला, आपल्याकडे देवळाच्या आवारात इतका रुळला की परका वाटत नाही. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, आणि त्या चिकावरूनच त्याचे कूळ ओळखता येते: कण्हेर, कुडा, तगर, करवंद, सातवीण ही सगळी त्याची भावंडे. रात्री त्याचा वास वाढतो आणि त्या वासाला भुलून पतंग येतात, पण फुलात मध नसतो. फुलाने केलेली ही शुद्ध फसवणूक आहे. आपल्या अंगणातल्या देवचाफ्याला शेंगा क्वचितच धरतात, म्हणून तो फांदी लावूनच वाढवतात. वहिनींचा सल्लाही त्याला धरूनच होता: विकत घेऊ नका, शेजाऱ्याकडून फांदी मागून घ्या, चीक सुकेपर्यंत आठ दिवस सावलीत ठेवा आणि मग लावा. हा सल्ला देऊन त्यांनी स्वतःची विक्री घालवली, याची मी नोंद केली.

नागचाफा म्हणजेच नागकेशर. याचे कूळ आता उंडी आणि सुरंगीचे मानतात. पूर्वी कोकमही त्यांच्याच घरात होते, नंतर ते वेगळे काढले गेले. चार पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका, आणि नवी पालवी तांबडीलाल. श्रीलंकेने याला राष्ट्रीय वृक्ष मानले आहे. वाढ मात्र इतकी संथ की वहिनी हसून म्हणाल्या, फुले नातवंडे बघतील. आणि शेवटचा भुईचाफा, तो तर हळदीच्या कुळातला एकदल कंद. त्याच्या फुलात जो जांभळट ओठ सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतो ती पाकळी नसून रूप पालटलेला पुंकेसर असतो. खरा काम करणारा पुंकेसर एकच.

मी भुईचाफ्याची कुंडी नोव्हेंबरच्या फेरीत घेतली तेव्हा तिच्यात दोन सुकलेल्या पानांखेरीज काही नव्हते. आंब्याला कैऱ्या धरेपर्यंत पाणी घालू नका, असे बजावून सांगितले होते. मार्चअखेर मी जवळजवळ आशा सोडली होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, पानाचा पत्ता नसताना, कोरड्या मातीतून सरळ फूल वर आले, आणि त्यानंतर रोज सकाळी एक याप्रमाणे सहा फुले आली. प्रत्येकाचे आयुष्य त्याच दिवसापुरते होते.

चाफ्याचे इतके लांबले, कारण या रोपवाटिकेचे मोल मला याच ओळीत कळले. झाड विकत घेणारा माणूस खरे तर त्याचे फुलणे विकत घेत असतो: ते कधी फुलणार, कुठे फुलणार, फूल नर असणार की मादी, त्यावर कोण येणार. पिशवीतल्या चार पानांत यातले काहीच दिसत नसते. ते विकणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे, आणि त्याने ते न विचारता सांगितले पाहिजे.

याचा धडा मी आधी महागात शिकले आहे. नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका रोपवाटिकेतून मी कोकमाची आठ रोपे आणली होती. बियांपासून केलेली आहेत एवढे सांगितले गेले, त्याचा अर्थ काय ते सांगितले गेले नाही, आणि मीही विचारले नाही. कोकमाची नर झाडे वेगळी आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि बियांपासून आलेले रोप कोणते निघणार हे ते फुलेपर्यंत, म्हणजे पाच-सात वर्षे, कळत नाही. सातव्या वर्षी हिवाळ्यात पहिली फुले आली तेव्हा आठांपैकी पाच झाडांवर ती झुबक्याझुबक्यांनी होती आणि त्यांच्या मधोमध पुंकेसरांशिवाय काही नव्हते. पाच नर. आमसुले सोडाच, आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, एका बाटलीपुरतीही फळे त्यांच्याकडून मिळणार नव्हती. सात वर्षे पाणी घालून, शेणखत घालून, मी पाच नर झाडे वाढवली होती.

त्यामुळे या ठिकाणी कोकमाची चौकशी करताना मी जरा ताठच होते. येथे फक्त मृदुकाष्ठ कलमे, म्हणजे कोवळ्या रोपावर काडी बांधून केलेली, विकतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जातींची; काडी फळ देणाऱ्या मादी झाडाची, त्यामुळे कलम मादीच निघणार. इथपर्यंत कोणतीही बरी रोपवाटिका सांगेल. पण वहिनींच्या यजमानांनी कलमांच्या ओळीतून दोन कलमे बाजूला काढली आणि ती देणार नाही असे म्हणाले. कारण विचारले तेव्हा त्यांनी मला कोकमाच्या फांद्यांचे दोन प्रकार दाखवले. सरळ वर जाणारा शेंडा आणि आडव्या पसरणाऱ्या फांद्या. आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम जगते, फुलते, फळेही देते, पण उभे वाढण्याचे विसरते आणि जमिनीलगत झुडपासारखे पसरते. ती दोन कलमे तशी निघाली होती. ती कोणाला द्याल, असे विचारले, तर म्हणाले, ज्याला कुंपणाला लावायचे असेल त्याला, पण सांगून. कलम 120 रुपयांना पडले. शहरातल्या मानाने स्वस्त, गावच्या मानाने जरा चढे.

जायफळाची गोष्ट याहून पुढची. जायफळही नर-मादी वेगवेगळे असणारे झाड. फुले लहान, फिकट पिवळी, उलट्या धरलेल्या घटासारखी. नरफुले घोसाने येतात आणि मादी फुले बहुधा एकेकटी. साधारणपणे दहा मादी झाडांमागे एक नर ठेवावा असा शिरस्ता आहे. मी परसातल्या नारळीच्या सावलीत लावायला तीन मादी कलमे घेतली आणि हिशोबाने एक नरही मागितला. वहिनींनी आधी आमच्या शेजारी कोणाकडे जायफळ आहे का ते विचारले. होते, आमच्या कुंपणापासून वीस-पंचवीस पावलांवर शेजाऱ्यांचे जुने झाड आहे आणि त्याला कधी फळ धरल्याचे कोणी पाहिलेले नाही. यावर त्यांचे उत्तर, “बाजूक नर आसा मा? मगे पैसे कित्याक फुकट घालवतास?” नर विकला गेला नाही. मी 350 रुपये वाचवून परत आले.

वरच्या भागात, मांडवाखाली, नारळाची रोपे आहेत. येथेही प्रश्न तयार असतो: पाणी हवे की खोबरे? शहाळ्यासाठी बुटकी जात, खोबऱ्यासाठी उंच वाढणारी बाणवली, आणि दोन्हींची अपेक्षा असणाऱ्यांना संकरित. वर्गात मला नेहमी आवडणारा एक मुद्दा येथे सांगण्याचा मोह होतो. फुलझाडांत फलन दुहेरी असते, एका परागनळीतून आलेल्या दोन पुंयुग्मकांपैकी, म्हणजे नर पेशींपैकी, एक अंड्याशी मिळून गर्भ तयार करतो आणि दुसरा गर्भाच्या शिदोरीला जन्म देतो. हे 1898 मध्ये नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. शहाळ्याचे पाणी आणि खोबरे ही दोन्ही ती शिदोरीच आहे, आधी पातळ आणि मग घट्ट. माडाच्या पोयीत, म्हणजे फुलोऱ्यात, नरफुले शेंड्याकडे आणि मादी फुले बुडाशी असतात. उंच जातीत नरफुलांचा बहर आधी संपून जातो, म्हणून तिचे परागीकरण बहुधा परक्या झाडाकडून होते, आणि म्हणून एकाच माडाचे नारळ रुजवले तरी सगळे माड आईसारखे निघत नाहीत. बुटक्या जातीत हे दोन्ही बहर एकमेकांवर येतात, त्यामुळे तिची लेकरे बरीचशी आईवर जातात. वहिनींना यातले शब्द ठाऊक नव्हते; बाणवलीचे रोप ‘नशिबाचां’ असते आणि बुटकीचे ‘भरवशाचां’, हे मात्र त्यांनी मला आधीच सांगितले होते.

काजूची कलमे आहेत, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या 4 आणि 7 या क्रमांकांची. आंब्याची आहेतच. त्यांबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही, ती या पट्ट्यात सगळीकडे चांगली मिळतात.

दर्शनी पाटीवर ‘फुलझाडे व फळझाडे’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे आणि पाटीच्या नेमके खाली सायकसच्या कुंड्यांची रांग लावली आहे. सायकसला फूल येत नाही. त्याचे बी उघडे असते, बीजकोशात झाकलेले नसते. आणि झाकलेले बी हीच तर फुलझाडांची ओळख. नेच्यांना तर बीही नसते. उलट हिरवळीचे गवत, नारळ, भात, बांबू ही सगळी फुलझाडे आहेत, पण त्यांच्याकडे पाहून कोणी फूल आठवत नाही. ही शिक्षकी खोड झाली, ती सोडून द्यावी. पण कमळाच्या टाकीशी मात्र थांबावेच. तेथे पाण्यावर हिरव्या रव्यासारखा थर तरंगत होता. शेवाळ आहे म्हणून वहिनी तो रोज गाळून टाकतात. मी थोडा तळहातावर घेतला. प्रत्येक कण गोल, गुळगुळीत, वर किंचित सपाट, मिलिमीटरभराचाही नाही, मूळ नाही, पान नाही. ही वुल्फिया, जगातले सर्वांत लहान फुलझाड. तिच्या पाठीवरच्या खळग्यात एक पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर एवढेच फूल येते. सुमात्रा-बोर्निओच्या जंगलातल्या रॅफ्लेशियाचे मीटरभर रुंदीचे फूल एका टोकाला आणि हा रव्याचा कण दुसऱ्या टोकाला; सुमारे 3 लाख फुलझाडांच्या जाती या दोन टोकांमधे बसतात. आता वहिनी एका घमेल्यात थोडी वुल्फिया राखून ठेवतात आणि येणाऱ्या मुलांना दाखवतात. ती विकायला नाही.

समुद्राकाठच्या जागेसाठी त्यांनी मला जी झाडे सुचवली त्यांबद्दल मी समाधानी आहे. आमचे घर किनाऱ्यापासून फार दूर नाही. खारा वारा थेट येतो आणि जमीन जांभ्याची. पश्चिमेच्या बाजूला उंडी आणि भेंड लावा, त्यांच्या आडोशाला बाकीचे, असा सरळ सल्ला मिळाला. उंडीचे जाड, चकचकीत पान उजेडाकडे धरले तर त्याच्या शिरा कंगव्याच्या दातांसारख्या एकमेकींना लागून समांतर गेलेल्या दिसतात. खारे वारे तिला जन्माचे ठाऊक आहेत. भेंडाचे फूल सकाळी पिवळे असते आणि संध्याकाळी तांबूस होऊन गळते, त्यामुळे झाडाखाली नेहमी दोन रंग पडलेले दिसतात. दोन्ही रोपे पावसाळ्यात तग धरून मेमध्ये कमरेएवढी झाली आहेत.

सुरंगीचे एक रोप घेतले आहे, 80 रुपयांना. आसोली-वेंगुर्ल्याकडे वाढलेल्या माणसाला सुरंगीविषयी काही सांगायची गरज नसते; चैत्राच्या तोंडावर बाजारात तिचे वळेसर, म्हणजे गजरे, येऊ लागले की दुसऱ्या कोणत्या वासाला जागा उरत नाही. तिची फुले पानांच्या बगलेत येण्याऐवजी जुन्या, पाने गळालेल्या फांद्यांवर दाटीने लगडतात. कळी गोल मण्यासारखी बंद असते आणि उमलताना तिचे आवरण बरोबर दोन वाट्यांत फुटते. सुरंगीतही काही झाडांवर नुसती नरफुले येतात आणि काहींवर द्विलिंगी. वहिनींनी हेही सांगितले, आणि पुढे म्हणाल्या की वळेसर करायचा असेल तर नर निघाले तरी बिघडत नाही. कोकमाच्या बाबतीत जो दगा ठरला तो सुरंगीच्या बाबतीत दगा नाही. कारण येथे फूलच पीक आहे.

बकुळीबद्दल एकच सांगते. फूल एवढेसे, पण कात्रीने कातरल्यासारख्या त्याच्या पाकळ्यांची दळे मोजली तर चोवीस भरतात: आठ पाकळ्या, आणि प्रत्येकीला पाठीमागून जोडलेली दोन-दोन उपांगे. मी तेथेच भिंगाने मोजत बसले आणि मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. कोणी काही बोलले नाही.

आता उणिवांकडे वळते, कारण त्या आहेत आणि त्या सुधारता येण्याजोग्या आहेत.

पहिली आणि सगळ्यांत मोठी उणीव पिशव्यांवरच्या नावपट्ट्यांची. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर मार्करने लिहिलेले असते आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात ती शाई धुऊन जाते. जूनमध्ये मी जुई म्हणून घेतलेली वेल जानेवारीत फुलली तेव्हा तो कुंद निघाला, मोठ्या फुलांचा, पांढराशुभ्र आणि माझ्या नाकाला तरी बिनवासाचा. यात दोष माझाही आहे. जुईचे पान ओळखणे अवघड नाही: मुख्य पर्णिकेच्या बुडाशी, देठावर, कानाच्या पाळ्यांसारख्या दोन इवल्या पर्णिका असतात आणि तिच्या शास्त्रीय नावातही तो कान आहे. कुंदाचे पान साधे आणि लवदार. मी पिशवी उचलताना पानाकडे पाहिले नाही, पट्टीकडे पाहिले. मार्चमध्ये ही गोष्ट सांगितली तेव्हा वहिनींनी जुईची वेल विनामूल्य दिली आणि कुंदही ठेवून घ्या म्हणाल्या, पण ज्या गिऱ्हाइकाचे गाव मुंबईपलीकडे आहे त्याला अशी भरपाई कशी मिळणार? शिसपेन्सिलीने लिहिलेले पावसात टिकते, हे मी त्यांना सांगून आले. खडबडीत पट्ट्या आणि मऊ पेन्सिल एवढेच लागेल.

याच धर्तीवर ‘अशोक’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी झाडे शेजारी शेजारी ठेवली आहेत. एक खरा, म्हणजे सीतेचा अशोक, ज्याच्या केशरी-तांबड्या फुलाला पाकळ्याच नसतात, रंग असतो तो निदलपुंजाचा. आणि दुसरा उंच, सरळसोट, लहरी कडांच्या पानांचा, जो बंगल्यांच्या फाटकांशी लावतात आणि जो सीताफळाच्या कुळातला आहे. वहिनी तोंडी बरोबर सांगतात, पण त्या जेवायला गेल्या असताना कामावरचा मुलगा विचारेल त्याला पहिला हाताला येईल तो अशोक देतो. माझ्यासमोर एका गृहस्थांनी औषधासाठी म्हणून दुसराच अशोक गाडीत घातला होता. मी मधे पडले, हे सांगायला नको.

शोभेच्या झाडांचा विभाग सामान्य आहे. बोगनवेल, क्रोटन, परदेशी पामचे प्रकार, हे सारे बाहेरून ट्रकने आणलेले दिसते. तेथून घेतलेल्या दुहेरी जास्वंदीच्या दोन कुंड्यांपैकी एकीत मुळे कुंडीभर गोल गोल फिरून दोरीसारखी वळलेली निघाली आणि ते झाड पावसाच्या आधीच गेले. मेलेल्या तीन झाडांपैकी दोन या विभागातली आहेत. तिसरे हिरव्या चाफ्याचे, आणि ते आमच्या म्हशीने खाल्ले.

दर कोठेही लिहिलेले नसतात. विचारल्यावर सांगतात आणि प्रत्येकाला सारखेच सांगतात, हे मी कान देऊन पडताळले आहे; तरीही एक फलक लावला तर नव्या माणसाचा संकोच कमी होईल. मोबाइलवरून पैसे देता येतात, पण पऱ्ह्याकाठी नेटवर्क मधूनच जाते, म्हणून रोख बरोबर ठेवावी. गाडी रस्त्यावरच उभी करावी लागते. वयस्क माणसांना बसायला एक बाक आहे, तो बहुधा रोपांच्या ट्रेंनी व्यापलेला असतो. झाडे घरपोच पाठवण्याची सोय नाही, आणि मला वाटते ती नसलेलीच बरी.

एका गोष्टीसाठी मात्र मी या दोघांना जादा गुण देते. माझ्या पहिल्या भेटीच्या वेळी, मृगाचे दोन पाऊस झाल्यावर, पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाने दिपकाडी मागितली. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, पहिल्या पावसाबरोबर उगवणारा, पांढऱ्या फुलांचा हा कंद या सड्यांपलीकडे जगात फारसा कोठे सापडत नाही. माणसे सड्यावर फोटो काढतात आणि मग त्यांना तो कुंडीत हवा असतो. त्या कुटुंबाने बरी रक्कम देऊ केली. वहिनींनी नाही म्हटले, “सड्यावरचां सड्यारच ऱ्हवांदे,” आणि त्यांच्या हातात कंदाऐवजी अबोलीच्या बिया ठेवल्या. अबोलीची वाळलेली बोंडे ओली केली की फटकन फुटतात आणि बिया लांब उडतात. त्या घरातल्या मुलाने बाटलीतले पाणी शिंपडून लगेच करून पाहिले. तो अर्धा तास तेथून हलला नाही. आईवडिलांना मात्र दिपकाडी न मिळाल्याचा राग होता, आणि त्यांनी जाताना तो बोलूनही दाखवला.

जायचे असेल तर मृगाच्या आधी आठवडाभर जावे, कारण चांगली कलमे पहिल्या पावसातच संपतात. कोकमाचे आणि नागचाफ्याचे शेंडे तांबडे व्हायला लागले असतील तेव्हा सकाळी नऊच्या आत गेल्यास यजमान कलमे बांधताना दिसतात. गणपती आणि शिमगा या दोन्ही वेळी आठवडाभर बंद असते, फोन केला तरी उचलत नाहीत. माझ्या मते पाचांपैकी चार गुण; पाचवा मी पेन्सिलीसाठी राखून ठेवला आहे. पुढची फेरी येत्या पंधरवड्यात आहे. या वेळी केवडा विचारायचा आहे, आणि तो नरच हवा, कारण गणपतीला वाहतात ते सुवासिक कणीस नराचे असते. मादीला अननसासारखे फळ धरते. वहिनी काय विचारतील ते मला आताच ठाऊक आहे: परसात ओलावा कुठे आहे, आणि काट्यांपासून म्हैस दूर बांधता येईल का.